वनस्पती : निरंक

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी संरक्षित पाणथळींच्या यादी कार्यालयाचं पत्र नकाशा विभागात पोचलं. दीड पान होतं. क्रमांक एकशे चौदाच्या पाणथळीत वनस्पती उरलेली नाही, सबब ती यादीतून का वगळू नये याची सुनावणी येत्या सोमवारी अकरा वाजता ठेवली आहे, एवढाच मजकूर. खाली तीन ओळींचा तक्ता. पाणी : एकशे पाच हेक्टर. कोरडी जमीन : सात हेक्टर. वनस्पती : निरंक. आधार म्हणून नकाशा विभागाच्याच आठ वर्षांच्या रडार नोंदींचा हवाला दिला होता.

पत्र बारादिवसे बाईंच्या टेबलावर आलं. हे त्यांचं आडनाव नव्हे. पाणथळींवर नजर ठेवणारा उपग्रह दर बारा दिवसांनी त्याच वाटेनं, त्याच वेळी डोक्यावरून जातो, आणि कोणी काहीही विचारलं तरी बाईंचं उत्तर ठरलेलं असे : बारा दिवस थांबा. दोन वर्षांपूर्वी रुजू झालेल्या टंकलेखकानं ते आडनाव समजून एका पत्रावर छापलंही होतं. तेव्हापासून तेच चालू होतं.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि स्वतःची फाइल उघडली. एकशे चौदाचे दोनशे एकेचाळीस नकाशे. शेवटच्या नकाशात मोकळं पाणी चव्वेचाळीस हेक्टर, उभं पाणी एकसष्ट, कोरडा काठ सात. चव्वेचाळीस आणि एकसष्ट, एकशे पाच. त्यांनी फोन उचलला.

यादी कार्यालयाचे कारकून सभ्य गृहस्थ होते. त्यांनी काही लपवलं नाही.

"बाई, दोन्ही रकान्यांत पाणी लिहिलंय. मी पाण्यात पाणी मिळवलं."

"उभं पाणी म्हणजे काय समजलात तुम्ही?"

"साचलेलं. वाहत नाही ते. उभं राहिलेलं. डासांच्या तक्रारी येतात ना, त्यातलं."

"ते पाणकणीस आहे. पाण्यात उभं असलेलं."

पलीकडे थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. "तसं कुठे लिहिलेलं नाही हो, बाई."

तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, हे खरं होतं. आठ वर्षांपूर्वी पहिला नकाशा करताना रंगांना नावं द्यायची होती. इंग्रजी नावाचं भाषांतर लांबलचक होत होतं, रकान्यात मावत नव्हतं. बाईंचे मामा एकशे चौदाच्या काठी राहतात, पाणकणसाची पाती कापून चटया विणतात. तिथली चाळीसेक घरं तेच करतात. मामांच्या तोंडी दोनच शब्द असत : मोकळं पाणी आणि उभं पाणी. बाईंनी ते जसेच्या तसे उचलले. रकान्यात नीट बसले. इथे कोणी 'ध'चा 'मा' केला नव्हता. अक्षर न अक्षर तसंच होतं, फक्त वाचणारा दुसरा होता.

पाणथळ यादीतून गेली की तिथे मालमोटारींचा तळ होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. आराखडा तयार होता. पालिकेच्या अभियंत्यांनी भरावासाठी माती कुठून आणायची तेही ठरवून ठेवलं होतं.

बाई दुपारी दोन वाजता दुरुस्तीपत्राचा मसुदा घेऊन विभागप्रमुखांच्या खोलीत गेल्या. प्रमुखांच्या निवृत्तीला सोळा महिने होते आणि 'बघू' हा त्यांचा आवडता शब्द होता. त्यांनी मसुदा वाचला, चष्मा काढला.

"चूक त्यांची आहे. रकाने त्यांनी मिळवले. आपण कशाला अंगावर घ्यायचं?"

"शब्द माझा आहे, सर. त्याचा अर्थ मी कुठेच दिला नाही."

"एकदा आपण चुकलो असं लिहून दिलं की आठ वर्षांच्या प्रत्येक नकाशावर बोट ठेवतील. भातात एक खडा लागला की माणूस सगळं ताट चिवडत बसतो."

"चिवडू दे. खडा एकच आहे."

"आणि तुमचे मामा तिथे कापणी करतात. ते कोणी काढलं तर?"

"मीच आधी काढलंय. दुसरा परिच्छेद."

प्रमुखांनी दुसरा परिच्छेद वाचला. मग पेन घेऊन वर मथळ्यात एक खूण केली. "'दुरुस्ती'तला 'रु' ऱ्हस्व. तुम्ही दीर्घ काढलाय. निदान दुरुस्तीपत्रात तरी..." वाक्य पुरं न करता त्यांनी सही केली. "बघू," असंही म्हणाले, पण सही आधी झाली होती.

नुसत्या पत्रानं भागणार नव्हतं. अर्थ आता सांगितला तर तो सोयीनं सांगितला असं कोणीही म्हणेल. उपग्रहानं जे पाहिलं तेच त्याच दिवशी माणसानं जवळून पाहिलं, असा पुरावा हवा होता. बाईंनी वेळापत्रक पाहिलं. उपग्रहाची पुढची फेरी शनिवारी सकाळी सहा वाजून अकरा मिनिटांनी होती, सुनावणीच्या दोन दिवस आधी. त्यानंतरची थेट सुनावणी उरकल्यावर, पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी. म्हणजे संधी एकच.

शनिवारी पावणेसहाला मामांची होडी काठापासून सुटली. होडीत एक मीटर बाय एक मीटरची लाकडी चौकट, आकडे रंगवलेली काठी, वही आणि ठिकाण दाखवणारं यंत्र होतं. हवा पडलेली होती.

"कुठून येणार तो?" मामांनी विचारलं.

"उत्तरेकडून. दिसणार नाही."

"दिसणार नाही? मग मी दाढी कशाला केली?"

"केलीत ते बरं झालं. त्याला खरखरीत जागा उजळ दिसतात."

मामा हसले. सहा वाजून अकरा मिनिटांनी बाईंनी वहीत वेळ लिहिली. आकाशात ढग होते, पण त्यानं बिघडत नव्हतं. हा उपग्रह उजेडावर अवलंबून नसतो. तो वरून तिरकी लहर सोडतो आणि परत किती येतं ते मोजतो. नितळ पाण्यावर पडलेली लहर पुढेच सटकते, तिथे चित्र काळं. पाण्यात ताठ देठ असतील तर लहर पाण्यावरून उसळून देठावर आदळते आणि आली तशी माघारी जाते, फरशीवर आपटलेला चेंडू भिंतीला लागून परत हातात यावा तशी. तिथे चित्र पांढरं. पाणी आटलं तर चेंडूला फरशी उरत नाही, कणीस कापलं तर भिंत उरत नाही. दोन्हीकडून पांढरा रंग जातो.

ठिकाणं वीस होती आणि ती संगणकानं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली होती. मामांना हे पटलं नव्हतं.

"चांगलं कणीस दाखवतो ना तुला. त्या वळणापलीकडे चल. पुरुषभर उंच आहे."

"चांगलं नकोय, मामा. यंत्रानं सांगितलेलं हवंय."

"यंत्राला काय कळतं चांगलं?"

"कळत नाही, म्हणूनच."

प्रत्येक ठिकाणी चौकट कणसावरून खाली सोडायची, आतले देठ मोजायचे, काठीनं पाण्याची खोली घ्यायची, उंची घ्यायची. मामा मोजत, बाई लिहीत. पहिल्या ठिकाणी एकतीस देठ, पाणी चव्वेचाळीस सेंटिमीटर. दुसऱ्या ठिकाणी सव्वीस, पाणी एकोणचाळीस. मामा मोजताना चुकत नव्हते. हाताखाली आयुष्य गेलेलं.

अकरावं ठिकाण नकाशात पांढरं होतं. तिथे कणीस नव्हतं. लोखंडी पत्र्याचा एक तराफा अर्धा बुडून तिरका पडला होता, गंजलेला. लोखंडही लहर परत पाठवतं, कणसापेक्षा जास्तच.

"ओढून बाजूला करू?" मामा म्हणाले. "दोघं मिळून हलेल."

"हात लावायचा नाही."

"आणि लिहिणार काय?"

"तराफा. लोखंडी. कणीस शून्य."

सोळाव्या ठिकाणी कणीस होतं, पण जनावरांनी लोळून आडवं केलेलं. बारा दिवसांपूर्वीच्या नकाशात ते उभं होतं. बाईंनी तेही लिहिलं. साडेनऊला शेवटचं ठिकाण झालं तेव्हा हिशेब असा होता : वीसपैकी अठरा जुळले, दोन चुकले.

"अठरा सांगून गप्प बस," मामांनी वल्हं मारता मारता सांगितलं. "विसात अठरा म्हणजे पहिला वर्ग. तुझी आई सातवीत दोनदा बसली होती."

"दोन सांगितले नाहीत तर अठरा कोण मानेल?"

"मी मानेन."

"तुम्ही नाही बसणार मामा, निकाल देणाऱ्या खुर्चीवर."

काठाला लागताना मामांनी एवढंच विचारलं, "गेली यादीतून तर किती दिवस?" बाईंनी सांगितलं की भराव सुरू व्हायला परवानगीनंतर आठवडाही लागत नाही. मामांनी होडी खुंटाला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली. "म्हणजे या कापणीची पाती वाळेपर्यंतसुद्धा नाही," ते म्हणाले.

शनिवारचं चित्र दुपारी एक वाजता आलं. बाईंनी वीसही ठिकाणांचे आकडे काढून वहीतल्या आकड्यांशेजारी मांडले. या आकड्यांत शून्याच्या जितकं जवळ तितकं उजळ. मोकळं पाणी उणे वीसच्या आसपास. कणीस उभं असलेलं पाणी उणे सात. तराफा उणे दोन. आडवं पडलेलं कणीस उणे तेरा. रविवारी सगळं टंकलं, चार प्रती काढल्या, आणि दोन चुकलेली ठिकाणं पहिल्याच पानावर घेतली.

सोमवारी सुनावणी अकरा वाजून वीस मिनिटांनी सुरू झाली. खोलीत लांब टेबल, आठ खुर्च्या, खिडकीपाशी लघुलेखक. सुनावणी अधिकारी पन्नाशीच्या बाई होत्या. कोणी लांबण लावली की त्या घड्याळाकडे पाहत नसत, पेनाचं टोपण लावत. अभियंते आराखड्याची गुंडाळी घेऊन आले होते. मामा मागच्या भिंतीला लागून, मांडीवर हात ठेवून बसले होते.

बारादिवसे बाईंनी आधी चूक सांगितली, मग शब्द, मग आकडे. सात मिनिटं लागली.

अभियंते उभे राहिले. "मॅडम, माझं म्हणणं थोडक्यात. मामांचा शब्द, भाचीचा नकाशा. घरचंच कार्य आहे, आम्ही नुसते आहेरापुरते."

कोणीतरी हसलं. अधिकाऱ्यांनी टोपण लावलं. "मुद्दा."

"मुद्दा असा की यांच्या नकाशात लोखंडी तराफाही कणीस म्हणून मोजला गेलाय. हे यांच्याच पहिल्या पानावर आहे. असे किती तराफे असतील? एकसष्ट हेक्टर तराफेच नसतील कशावरून?"

"आकड्यावरून," बाई म्हणाल्या. "तराफा उणे दोनवर आहे. एकसष्ट हेक्टरांत उणे तीनच्या वर गेलेली जागा सगळी मिळून पाव हेक्टरही नाही. ती मी वजा करून दिली आहे. पान चार."

"वाऱ्यानं पाणी हललं तरी उजळ दिसतं, असं तुमच्याच पुस्तिकेत आहे."

"आहे. पण फेरी सकाळी सहाची असते, तेव्हा वारा पडलेला असतो. आणि वारा आठ वर्षं एकाच जागी, त्याच आकारात थांबत नाही."

"आठ वर्षं म्हणता. चौथ्या वर्षी तुमचे एकसष्ट एकोणचाळीसवर आले होते. म्हणजे कणीस मरतंय, हे तुम्हालाही दिसलं होतं."

"त्या वर्षी पाणी कमी होतं. सहाव्या वर्षी अठ्ठावन्न झालं, गेल्या वर्षी एकसष्ट. एकच चित्र पाहिलं असतं तर मीही मरतंय म्हटलं असतं. म्हणून एक पाहत नाही, दोनशे एकेचाळीस पाहते."

अधिकाऱ्यांनी टोपण काढून काहीतरी लिहिलं. मग बाईंकडे पाहून विचारलं, "आठ वर्षांत हा शब्द बदलावा असं एकदाही वाटलं नाही?"

"नाही. मला तो बरोबर वाटत होता. अजूनही वाटतो. पण मला आणि मामांना बरोबर वाटून उपयोग नाही, हे मंगळवारी कळलं."

"मामा आलेत का?"

मामा उभे राहिले. अधिकाऱ्यांनी त्यांना पुढची खुर्ची दाखवली, ते बसले नाहीत.

"उभं पाणी म्हणजे काय, तुमच्या शब्दांत सांगा."

"मॅडम, पाणी कधी उभं राहतं का? पाणी आडवंच असतं. उभं असतं ते त्यातलं कणीस." लघुलेखकाचा हात चालतोय का ते मामांनी पाहून घेतलं. "ज्यात विळा चालतो ते उभं पाणी. ज्यात नुसतं वल्हं चालतं ते मोकळं. आमच्यात पोरासोरांनाही ठाऊक आहे. साहेबांना एकदा होडीत बसवतो, विळा देतो हातात. मग तराफा कुठला आणि कणीस कुठलं, बोटांनाच कळेल."

"मला पोहता येत नाही," अभियंते म्हणाले.

"गुडघाभर तर आहे, साहेब. उभं राहायचं."

या वेळी अभियंतेही हसले. अधिकारी हसल्या नाहीत, पण मामांचं वाक्य त्यांनी लघुलेखकाकडून वाचून घेतलं. विळ्याचं आणि वल्ह्याचं, दोन्ही. मग त्यांनी आदेश सांगितला. दुरुस्तीपत्र नोंदीवर घेतलं. शनिवारची मोजणी नोंदीवर घेतली. मात्र मोजणी करणाऱ्यांपैकी एकाचा या जागेशी उपजीविकेचा संबंध आहे, ही बाबही नोंदीवर घेतली. निर्णय राखून ठेवला, तो लेखी कळवला जाईल. तोपर्यंत जागेवर जैसे थे.

बारा वाजून पाच मिनिटांनी खोली रिकामी झाली. जिन्यात अभियंत्यांनी बाईंना गाठलं. "तराफ्याचं पहिल्या पानावर घ्यायची काय गरज होती? मला सापडलाही नसता."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

मामांना बसमध्ये बसवताना त्यांनी जैसे थे म्हणजे काय ते समजावून सांगितलं. कोणी भरायचं नाही, तुम्ही तुमचं कापायचं, पण नेहमीच्याच जागी आणि नेहमीइतकंच. मामांनी मान हलवली. "निकाल कधी?" बाईंच्या तोंडी नेहमीचं उत्तर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि माहीत नाही असं सांगितलं.

मंगळवार ते शुक्रवार निर्णय आला नाही. पुढचा सोमवार, मंगळवार, बुधवारही तसेच गेले. बाईंनी या दिवसांत एकच काम केलं. दोनशे एकेचाळीस आणि शनिवारचा एक अशा सगळ्या नकाशांवर 'उभं पाणी' या नावाखाली बारीक अक्षरात 'पाण्यात उभी असलेली वनस्पती, मुख्यतः पाणकणीस' अशी ओळ घातली. रकाना मोठा करावा लागला. टंकलेखक म्हणाला, आता कुणाला शंका येणार नाही. बाई म्हणाल्या, येईल, वेगळी येईल.

गुरुवारी सकाळी सहा अकराला उपग्रह गेला. चित्र अकरा वाजून वीस मिनिटांनी मिळालं. बाईंनी शनिवारचं चित्र खाली, गुरुवारचं वर ठेवून एकातून दुसरं वजा केलं. एकशे चौदाच्या बहुतेक भागात फरक नव्हता. दक्षिणेला, कच्च्या रस्त्याच्या कडेनं, एक पट्टी काळवंडली होती. लांबी सुमारे दोनशे मीटर, रुंदी तीस. शनिवारी उणे सात, आज उणे पंधरा.

त्यांनी मामांना फोन लावला.

"दक्षिणेला कुणी कापलं का?"

"आम्ही सगळे पूर्वेला आहोत. तिकडे महिनाभर कुणी फिरकलं नाही."

"नक्की?"

"पोरी, चाळीस घरं आहेत. कुणी कुठं शिंकलं तेही मला कळतं."

पट्टी काळी होण्याची कारणं बाईंना चार माहीत होती. कणीस कापलं, कणीस आडवं झालं, पाणी उपसलं, किंवा माती टाकून सपाट केली. चित्र पाहून चारांतलं एक निवडता येत नव्हतं. त्यांनी नोंदवहीत लिहिलं : बदल, शून्य दशांश सहा हेक्टरच्या आसपास, दक्षिण काठ, कारण अज्ञात. तेच शब्द एका पानाच्या अर्जात घालून दोन्ही चित्रं जोडली. विभागप्रमुखांनी अर्ज वाचला. या वेळी ते 'बघू' म्हणाले नाहीत. "'अज्ञात' राहू दे," म्हणाले. "तिथे दुसरा शब्द घालू नका."

अर्ज सुनावणी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात एक वाजून पन्नास मिनिटांनी पोचला. पोच मिळाली. अभियंत्यांच्या कार्यालयाला प्रत गेली. तिथून उत्तर आलं की त्या जागी पालिकेनं कोणतंही काम काढलेलं नाही, ठेकेदाराकडे विचारणा केली आहे.

तीन वाजून पन्नास मिनिटांनी मामांचा फोन आला. ते होडी घेऊन दक्षिणेला गेले होते. काठापासून दहा-बारा हात अंतरावर होते.

"कणीस दिसत नाही. पाणीही दिसत नाही. काळं काळं आहे सगळं. गाळ वर आलाय की माती टाकलीय, इथून कळत नाही. उतरून बघतो."

"उतरू नका."

"अगं, दोन पावलं..."

"तुमची पावलं उमटतील, मामा. आधी कुणाची आहेत का ते बघायचंय. चाकांचीसुद्धा. मी येईपर्यंत होडीतच बसा. आणि या वेळी मोजायला मामा नको. दुसऱ्या विभागातला माणूस घेऊन येते."

"बसतो," मामा म्हणाले. "पण उजेड आहे तोवर ये."

बाईंनी चौकट, काठी आणि नवी वही घेतली. भूजल विभागातला एक सर्वेक्षक यायला तयार झाला. चार वाजून वीस मिनिटांनी दोघं गाडीत बसले. एकशे चौदाचा निर्णय तोपर्यंत आलेला नव्हता.